हरकती व सूचना : ओपन सोर्समधल्या एका जुन्या वैतागाचा इतिहास



आजचं व्याख्यान सॉफ्टवेअरच्या इतिहासाबद्दल आहे, पण सुरुवात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या जाहीर नोटिशीपासून करू. महापालिका विकास आराखडा करते, तेव्हा बारीक टायपात मजकूर छापून येतो : नागरिकांकडून हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत. ती नोटीस फार थोडे लोक वाचतात, त्याहून थोडे उत्तर पाठवतात, आणि पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांची खात्री असते की आपला कागद फायलीत जाऊन पडणार. हे सगळं खरंच. तरी त्या रुक्ष मजकुरात काही गोष्टी असतात. मुदत असते. कार्यालयाचा पत्ता असतो. आणि सुनावणी कोण घेणार, शेवटचा शिक्का कुणाचा, हे कुठेतरी कायद्यात लिहिलेलं असतं. निकाल आवडला नाही तर कुणाच्या नावाने बोटं मोडायची एवढं तरी ठाऊक असतं.

ओपन सोर्सच्या जगातही हरकती व सूचना मागवतात. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कुणीही वाचावा, बदलावा, पुढे वाटावा अशा परवान्याखाली उघडा ठेवलेला असतो, ते ओपन सोर्स. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेलं लिनक्स हे त्याचं घरोघरी पोचलेलं उदाहरण. हे नाव १९९८ सालचं, पण रीत त्याहून बरीच जुनी. हे काम पुष्कळसं स्वयंसेवकांचं, विखुरलेलं, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांचं. तिथे काही बदल करायचा तर लोकांना विचारावं लागतं. आणि विचारलं की वैताग सुरू होतो. विचारणारा म्हणतो, या लोकांना काही समजत नाही. उत्तर देणारा म्हणतो, विचारलंत कशाला मग?

या वैतागाचं खापर नेहमी माणसांच्या स्वभावावर फोडलं जातं. इंटरनेटवर लोक उद्धटच वागतात, फुकटचे सल्ले देतात, वगैरे. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. गेल्या पन्नासेक वर्षांतली प्रकरणं काढून पाहिली तर पुन्हा पुन्हा दिसतं ते असं की प्रश्न उघडणारा माणूस ठरलेला असतो, बंद करणारा ठरलेला नसतो. नोटीस असते, पण तिच्यावर मुदतही नसते आणि सुनावणी अधिकाऱ्याचं नावही नसतं.

सुरुवात १९६९ पासून करू. तेव्हा ओपन सोर्स हा शब्दही नव्हता, पण आज त्या जगात अभिप्राय मागण्याची जी पद्धत आहे तिचं मूळ तिथे आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने आर्पानेट नावाचं संगणकांचं जाळं उभं राहत होतं. त्या संगणकांनी एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलायचं, हे ठरवायचं काम काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडे आलं. कुणी अधिकृतपणे नेमलं होतं असंही नाही. त्यातला एक, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला स्टीव्ह क्रॉकर. त्याने ७ एप्रिल १९६९ या तारखेचं पहिलं टिपण लिहिलं. ज्या मित्रांकडे तो उतरला होता त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून रात्री बाथरूममध्ये बसून लिहिलं, असं त्याने पुढे सांगितलंय. या पोरांना धास्ती अशी होती की, खरे अधिकारी लोक कुठेतरी असणारच, ते एक दिवस येतील आणि तुम्ही कोण हे ठरवणारे असं विचारतील. म्हणून टिपणाला नाव दिलं ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, आरएफसी. मराठीत सरळ ‘अभिप्रायार्थ’ म्हणा. हा नियम नाही हो, तुमचं मत कळवा, एवढाच त्याचा आव.

तिसऱ्या आरएफसीत त्यांनी टिपणं कशी लिहावीत ते सांगितलं. घासूनपुसून लिहू नका, वेळेवर लिहा. उत्तर माहीत नसेल तर नुसता प्रश्न लिहिला तरी चालेल. कमीत कमी लांबी एक वाक्य. लिहिलेल्या गोष्टीला लोक उगाच अधिकारवाणी समजतात, तो दबाव आम्हाला मोडायचा आहे, असाही सूर त्यात आहे. आज वाचतानाही तो कागद ताजा वाटतो. पण एक लक्षात घ्या. ही टिपणं टपालाने जात, मोजक्या ठिकाणी जात, आणि ज्याला मत द्यायचं त्यालाच उद्या आपल्या संगणकावर ते बसवून दाखवायचं असे. मत देणारा आणि काम करणारा एकच. त्यामुळे निर्णय कुणाचा हा प्रश्न उठतच नसे. जे चाललं ते ठरलं.

हे ‘अभिप्रायार्थ’ नाव मात्र चिकटलं ते कायमचं. आज इंटरनेटचे पक्के नियम ज्या कागदांत आहेत त्यांनाही आरएफसीच म्हणतात. अभिप्रायाची वेळ केव्हाच निघून गेलेली असते आणि वर पाटी मात्र अभिप्रायार्थ. बाहेरून येणाऱ्या माणसाचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

लोकांना न विचारता ठरवून टाकलं तर काय होतं, त्याचाही दाखला याच मंडळींच्या इतिहासात आहे. इंटरनेटचा पत्ता तेव्हा ३२ बिटांचा होता, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते. १९९० नंतर स्पष्ट दिसू लागलं की हे पुरणार नाहीत. जून १९९२ मध्ये जपानमधल्या कोबे इथे इंटरनेटच्या वरिष्ठांच्या मंडळाने ठरवलं की नव्या आवृत्तीचा पाया म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेच्या घराण्यातला एक दुसरा प्रोटोकॉल घ्यावा. तांत्रिकदृष्ट्या ते अगदीच वेडगळ नव्हतं. पण खाली काम करणाऱ्या अभियंत्यांना विचारलंच नव्हतं, आणि त्या प्रमाण संस्थेच्या लोकांशी त्यांचं अनेक वर्षांचं वाकडं. नुसता भडका उडाला. पुढच्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आयईटीएफची, म्हणजे या अभियंत्यांच्या संघटनेची सभा होती. तिथे व्हिंट सर्फ, जो नेहमी थ्री-पीस सुटात वावरायचा, तो बोलता बोलता कोट, जाकीट, शर्ट उतरवत गेला आणि आतला टी-शर्ट दाखवून त्याने सांगितलं की आपला जुना प्रोटोकॉलच सगळीकडे चालेल. सभा हसली आणि वरिष्ठांचा निर्णय मागे पडला. शिवाय नियम मंजूर करण्याचा अधिकारही पुढे त्या मंडळाकडून काढून खाली आणला गेला.

त्याच सभेत डेव्हिड क्लार्कने जे सूत्र मांडलं ते आजही सांगितलं जातं. आम्हाला राजे नकोत, अध्यक्ष नकोत, मतदानही नको. ढोबळ एकमत आणि चालणारा कोड एवढं पुरे. ऐकायला फार छान. पण ढोबळ एकमत झालं हे म्हणायचं कुणी? आयईटीएफने यावर उपाय काढला, तोंड मिटून गुणगुणण्याचा. खरंच सांगतोय. अध्यक्ष विचारतो, हे ज्यांना पटतंय त्यांनी गुणगुणा. मग म्हणतो, ज्यांना पटत नाही त्यांनी गुणगुणा. हात मोजायचे नाहीत, कारण मोजणं म्हणजे मतदान. २०१४ साली पीट रेस्निक यांनी या पद्धतीवर एक आरएफसी लिहिली, सातहजार दोनशे ब्याऐंशी क्रमांकाची. तिच्यातला एक मुद्दा आम्हाला या सगळ्या इतिहासातला सर्वांत कामाचा वाटतो. प्रत्येक हरकतीला उत्तर मिळालं पाहिजे, प्रत्येक हरकत मान्य झाली पाहिजे असं नाही. आणि शंभर माणसं बाजूने असली तरी विरोधातल्या पाच जणांच्या मुद्द्याला उत्तर नसेल, तर एकमत झालेलं नाही. डोकी मोजण्यापेक्षा हे पुष्कळ अवघड आहे, कारण त्यासाठी वाचावं लागतं.

आता आपण नियमांकडून प्रत्यक्ष सॉफ्टवेअरकडे येऊ. वर्ष १९९१. अॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम यांची मिनिक्स नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम होती, विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली. वापरणारे सारखे म्हणत, यात हे घाला, ते घाला. टॅननबॉम नाही म्हणत, कारण ती एका पुस्तकात आणि एका सत्रात मावली पाहिजे होती. २५ ऑगस्टला हेलसिंकीच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्सच्या चर्चागटात विचारलं की मिनिक्समध्ये तुम्हाला काय आवडतं, काय खटकतं ते कळवा, कारण मी छंद म्हणून एक नवी सिस्टिम करतोय. तो लिनस टॉरव्हाल्ड्स. सूचना जरूर पाठवा, पण अमलात आणीनच असं वचन देत नाही, असं त्याने शेवटी एक हसरं चिन्ह टाकून लिहिलं. ओपन सोर्सच्या इतिहासातली ही बहुधा सर्वांत गाजलेली हरकती-सूचनांची नोटीस, आणि तिच्यात सुनावणी अधिकाऱ्याचं नाव अगदी ठळक आहे. ठरवणार मी. लिनक्समध्ये पुढे भांडणं थोडी झाली नाहीत, टॉरव्हाल्ड्सच्या तोंडाळपणाबद्दल तर स्वतंत्र व्याख्यान होईल. पण शेवटचा शिक्का कुणाचा, यावर फारसा वाद झाला नाही.

टॉरव्हाल्ड्स इतका स्पष्ट बोलला, कारण त्याला कुणाचं मन राखायचं नव्हतं. बाकीचे बहुतेक प्रकल्प सभ्य होते. सभ्य माणूस म्हणतो, आपण सगळे मिळून ठरवू.

सगळे मिळून ठरवतात तेव्हा काय होतं याची गोष्ट फ्रीबीएसडीमध्ये घडली. ही युनिक्सच्या कुळातली ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यात ‘स्लीप’ नावाची एक चिमुकली आज्ञा आहे : इतके सेकंद थांब. १९९९ साली कुणीतरी सुचवलं की तिला सेकंदाचे अपूर्णांकही चालावेत, म्हणजे अर्धा सेकंद थांब असंही सांगता यावं. बदल काही ओळींचा. चर्चा मात्र संपेना. तेव्हा पाऊल-हेनिंग कॅम्प या डॅनिश प्रोग्रॅमरने २ ऑक्टोबरला सगळ्यांना एक पत्र लिहिलं आणि त्यात पार्किन्सनची आठवण करून दिली. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सनच्या १९५७ च्या पुस्तकात एक समिती आहे. एक कोटी पौंडांच्या अणुभट्टीचं कंत्राट ती अडीच मिनिटांत मंजूर करते, कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही. कारकुनांच्या सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास घालवते, कारण शेड सगळ्यांना कळते. आणि सभेच्या चहापाण्याच्या खर्चावर सव्वा तास.

आपल्याला हे समजायला पार्किन्सनची गरज नाही. हाऊसिंग सोसायटीची वार्षिक सभा आठवा. लिफ्टच्या दुरुस्तीचे लाखो रुपये ‘सर्वानुमते मंजूर’, आणि गेटला रंग कोणता द्यायचा यावर रात्रीचे अकरा. मराठीत संगणकाचे मेनू आणताना फाइलला फाइलच म्हणायचं, संचिका म्हणायचं की धारिका, हा वादही याच जातीचा. कॅम्पच्या पत्रानंतर प्रोग्रॅमरांच्या भाषेत ‘बाइकशेडिंग’ हे क्रियापदच रुळलं. बदल जितका सोपा तितका गोंगाट मोठा, हे त्याचं निरीक्षण.

पण इथे आम्हाला कॅम्पच्या पुढे एक पाऊल टाकावंसं वाटतं. तो शब्द पुढे हत्यार झाला. कुणाची हरकत नकोशी वाटली की म्हणायचं, तुम्ही शेडच्या रंगावर भांडताय. एखादी गोष्ट क्षुल्लक आहे की नाही, हे कुणी ठरवायचं? रोज ती शेड वापरणाऱ्याने, की ती बांधणाऱ्याने?

याचं उत्तर पायथन या भाषेच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं, म्हणून तिथे जरा रेंगाळू. गिडो व्हॅन रॉसम या डच प्रोग्रॅमरने डिसेंबर १९८९ मध्ये, नाताळच्या सुट्टीत, पायथन लिहायला घेतली. आज ती जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या भाषांपैकी एक. १९९५ मध्ये त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला थट्टेत एक पदवी दिली, बेनेव्हलंट डिक्टेटर फॉर लाइफ. म्हणजे तहहयात दयाळू हुकूमशहा. २००० साली बदल सुचवायची रीत ठरली. प्रस्ताव लिहायचा, त्याला ‘पेप’ म्हणायचं, त्यावर लोक बोलणार, पेप लिहिणाऱ्याने सगळ्या हरकती त्यात नोंदवायच्या, आणि शेवटी गिडो हो किंवा नाही म्हणणार. पद्धत चांगली होती. मुदत नव्हती, पण शिक्का होता.

२००३ मध्ये गिडोने एक वेगळा प्रयोग केला. तीनशे आठ क्रमांकाचा पेप. मागणी जुनी होती : ‘वय अठरा किंवा जास्त असेल तर मतदार, नाही तर अल्पवयीन’ असं काहीतरी एकाच ओळीत लिहिता यावं. सी भाषेत हे होतं, पायथनमध्ये नव्हतं. लोक ‘आणि’, ‘किंवा’ यांची एक कसरत करून काम भागवत, आणि ती कसरत काही प्रसंगी गुपचूप चुकीचं उत्तर द्यायची. गिडोने पेपमध्ये लिहिलं की मी या बदलाच्या बाजूचाही नाही आणि विरुद्धही नाही. ठरवायचं ते समाजाने. स्पष्ट बहुमत आलं तर करू. नाही तर नाकारू, आणि मग हा विषय पुन्हा निघाला नाही तर बरं.

लोकांनी काय केलं असेल? डझनभराहून अधिक वेगवेगळी रूपं पुढे आली. कुणाला प्रश्नचिन्ह हवं, कुणाला शब्द हवेत, कुणाला कंस हवेत. मतदान झालं. असं काहीतरी हवं, असं अनेकांना वाटत होतं. पण अमुकच हवं, याला बहुमत मिळालं नाही. पेप फेटाळला गेला. मग सप्टेंबर २००५ मध्ये विषय पुन्हा निघालाच, आणि या वेळी गिडोने स्वतः एक रूप निवडून घोषणा करून टाकली. त्यात अट मधोमध येते : ‘मतदार, जर वय अठरा किंवा जास्त, नाही तर अल्पवयीन’. पुष्कळांनी नाकं मुरडली. २००६ च्या आवृत्तीत ते आलं, आणि आज शाळकरी मुलंही ते लिहितात.

यातून गिडोने काय शिकावं? तो बहुधा हेच शिकला असेल की समाजाला ठरवता येत नाही, मलाच ठरवावं लागतं. आम्ही वेगळं वाचतो. लोकांना ‘हवं का’ आणि ‘कसं हवं’ हे दोन प्रश्न एकाच मतपत्रिकेवर विचारले गेले होते. ‘हवं का’ला उत्तर होतं. ‘कसं’चं उत्तर मतदानाने काढताना मतं फुटणारच.

पंधरा वर्षांनी, २०१८ च्या फेब्रुवारीत, पाचशे बहात्तर क्रमांकाचा पेप आला. मुद्दा पुन्हा छोटा. एखादी किंमत काढली की तिथल्या तिथे, वाक्याच्या मध्येच, तिला नाव देता यावं. समजा फाइलमधून एक ओळ वाचायची, तिला नाव द्यायचं आणि ती रिकामी आहे का बघायचं. एरवी हे दोन पायऱ्यांत होतं. नव्या चिन्हाने एका पायरीत झालं असतं. चिन्ह होतं कोलन आणि बरोबर, ‘:=’. आडवं पाहिलं तर दोन डोळे आणि दोन सुळे दिसतात, म्हणून त्याला वॉलरस ऑपरेटर म्हणू लागले.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं क्षुल्लक नव्हतं. सी भाषेत तुलनेच्या जागी चुकून नाव देण्याचं चिन्ह पडतं आणि प्रोग्रॅम गुपचूप बिघडतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची डोकेदुखी. पायथनने वाक्यात नाव देणं मुद्दाम बंद ठेवलं होतं. एका कामाला शक्यतो एकच उघड रीत असावी, हे पायथनचं ब्रीद टिम पीटर्सने लिहिलेलं. आणि आता नाव द्यायच्या दोन रीती होणार होत्या. गंमत म्हणजे या पेपच्या लेखकांत टिम पीटर्स स्वतः होता. मूळ लेखक ख्रिस अँजेलिको, आणि पुढे तिसरं नाव जोडलं गेलं ते गिडो व्हॅन रॉसमचं.

इथेच आमच्या मते खरी गाठ बसली. वसंतभर शेकडो पत्रं आली. पेपचा मसुदा बदलत राहिला, चिन्ह बदललं, नियम बदलले. आणि नवे येणारे जुन्या मसुद्यावर हरकती घेत राहिले. उत्तरं देऊन झालेले प्रश्न पुन्हा विचारले जात. मे महिन्यात क्लीव्हलंडच्या परिषदेत गिडोने याच गोष्टीवर चर्चा ठेवली : असे वाद टाळायचे कसे? सगळं खरं. पण विरोधकाच्या जागी बसून पाहा. ज्याच्यापुढे सुनावणी आहे, त्याचंच नाव अर्जदारांत आहे. २००३ मध्ये गिडो म्हणाला होता, माझा कौल नाही, तुम्ही ठरवा. २०१८ मध्ये त्याचा कौल सगळ्यांना दिसत होता, तरी मतं मागवणं चालूच होतं. अशा वेळी माणूस मुद्दा मांडत नाही, आवाज चढवतो. कारण मुद्द्याने काही बदलेल असं त्याला वाटत नसतं.

जुलैच्या सुरुवातीला गिडोने पेप मंजूर केला. १२ जुलैला त्याने सहकाऱ्यांना पत्र लिहून हुकूमशहापद सोडलं. एका पेपसाठी इतकं झगडायचं आणि शेवटी इतक्या लोकांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करायचा, हे पुन्हा नको, असं त्याने लिहिलं. थकलोय, मोठी विश्रांती हवी, असंही लिहिलं. वारस नेमला नाही. लोकशाही करा, अराजक करा, काय हवं ते करा. मात्र पेपचा निर्णय कसा व्हावा हे तुम्हालाच ठरवावं लागेल, याची आठवण त्याने जाताजाता दिली. जवळजवळ तीस वर्षं एक भाषा सांभाळलेला माणूस एका चिन्हापायी उठून गेला, असं तेव्हा म्हटलं गेलं. चिन्ह निमित्त होतं.

पुढचे काही महिने पायथनचे मुख्य कार्यकर्ते कारभार कसा चालवावा यावर पेप लिहीत होते. सात प्रस्ताव आले. डिसेंबर २०१८ मध्ये मतदान झालं, आणि मतपत्रिकेवर आठवा पर्याय होता ‘आणखी चर्चा’. सुदैवाने तो जिंकला नाही. निवडून आला तो पाच जणांच्या मंडळाचा प्रस्ताव. दर मोठ्या आवृत्तीनंतर निवडणूक, एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सभासद नाहीत, आणि मंडळाने आपले अधिकार होता होईल तो कमीच वापरावेत अशी लेखी अपेक्षा. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिलं मंडळ निवडून आलं. त्या पाचांत गिडोही होता. आता बारकाईने बघा : मतदानाचा हक्क आहे तो फक्त मुख्य कार्यकर्त्यांना. बाहेर जे लाखो वापरणारे आहेत त्यांना बोलायचा हक्क आहे, ठरवायचा नाही. हे ऐकायला कमी उदार वाटतं. पण आधीपासून वस्तुस्थिती तीच होती, फक्त कुठे लिहिलेली नव्हती.

काही प्रकल्पांनी तर हा प्रश्न मुळातच कापून टाकला. एसक्यूलाइट हा डेटाबेस तुमच्या फोनमध्ये आहे, कोड सार्वजनिक मालकीचा आहे, पण ते सांगतात की आमचं ओपन सोर्स आहे, ओपन सहभाग नाही. बाहेरच्यांचा कोड घेत नाहीत.

इथवर आपण फार बोलणाऱ्यांबद्दल बोललो. विचारूनही कुणी काहीच बोलत नाही, हा वैताग दुसरा, आणि तो जास्त धोक्याचा. डोळे पुरेसे असले की कुठलीही चूक लपत नाही, असा सिद्धांत एरिक रेमंडने १९९७ मध्ये मांडला होता. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरचा मोठा व्यवहार कुलूपबंद ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यात ३१ डिसेंबर २०११ रोजी एक चूक शिरली, मार्च २०१२ च्या आवृत्तीतून जगभर गेली आणि ७ एप्रिल २०१४ ला उघड झाली. तीच हार्टब्लीड. दोन वर्षं कोड सगळ्यांसमोर उघडा पडला होता. त्या प्रकल्पाला तेव्हा देणग्या मिळत वर्षाला साधारण दोन हजार डॉलर. मूठभर माणसं काम करत. अणुभट्टीवर अडीच मिनिटंसुद्धा कुणी दिली नाहीत.

आणि या दोन्ही वैतागांचा फायदा घेणाराही शेवटी भेटलाच. एक्सझेड नावाचं फायली दाबून लहान करायचं एक साधन आहे, लिनक्समध्ये जिथे तिथे वापरलेलं. ते एकच स्वयंसेवक सांभाळत होता. २०२१ च्या सुमारास ‘जिया टॅन’ नावाचं कुणीतरी मदतीला आलं, नम्र, नियमित. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी तक्रारी सुरू केल्या : सुधारणा लवकर का होत नाहीत, तुम्हाला रस उरला नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. सांभाळणाऱ्याने उत्तर दिलं की हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, हे विसरू नका. दबाव चालू राहिला. हळूहळू जिया टॅनला अधिकार मिळाले. त्या तक्रारदार नावांचा इतरत्र कुठे फारसा मागमूस नाही, आणि ती याच कटाचा भाग होती असा दाट संशय आहे. म्हणजे वापरणाऱ्यांचा अभिप्राय, जो नेहमी डोक्याला ताप देतो, त्याचंच सोंग घेऊन एका थकलेल्या माणसाला बाजूला सारलं गेलं. ते सोंग इतकं बेमालूम वठलं, कारण खरे अभिप्रायही अगदी तसेच असतात.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मधल्या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला गेला. त्यातून दूरच्या संगणकात शिरायची सोय होणार होती, आणि तो लिनक्सच्या मोठ्या वितरणांमध्ये पोचायच्या बेतात होता. तो सापडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला. तो पोस्टग्रेस डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या करत होता. दूरच्या संगणकावर लॉगिन करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. एक्सझेडबद्दल त्याला कुणी काही विचारलेलं नव्हतं. हा अर्धा सेकंद जातो कुठे, हे बघत तो त्या कोडपर्यंत पोचला, आणि २९ मार्चला त्याने जे आढळलं ते पुराव्यासह लिहून सगळ्यांसमोर ठेवलं.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.